हट्टी पिल्लाला शी-शूची सवय कशी लावायची: खान्देशातल्या घरांसाठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे बऱ्याच घरांत कुत्र्याचं पिल्लू येतं. मुलं घरी असतात, आखाजीला आत्या माहेरी आलेल्या असतात, पिल्लाला दिवसभर कोणी ना कोणी अंगणात खेळवत असतं. जूनमध्ये शाळा उघडते, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरात तक्रार सुरू होते, "फार हट्टी आहे हे. बाहेर नेलं तर करत नाही, आत आलं की लगेच करतं."

आमचा शेरू असाच होता. गावठी, आणला तेव्हा तीन-साडेतीन महिन्यांचा. बाहेर भरपूर हुंगून, उड्या मारून यायचा आणि घरात पाय ठेवला की थेट दिवाणाखाली. आता तो दाराशी जाऊन उभा राहतो. मधल्या काळात आम्हाला जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. पिल्लू खोडसाळपणाने घरात करत नाही, हे आधी मनात पक्कं करा. पायाखाली काय लागतं आणि वास कसला येतो, या दोन गोष्टींवरून ते जागा ठरवतं. पुढची प्रत्येक पायरी या दोन गोष्टी आपल्या बाजूने वळवण्यासाठी आहे.

१. पिल्लाला किती वेळ धरून ठेवता येतं ते समजून घ्या

सोपा हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तीन महिन्यांचं चार तास. ही शेवटची मर्यादा झाली, आणि तीही शांत पडून असताना. जागं असेल, खेळत असेल तर दोन महिन्यांच्या पिल्लाला तासा-तासाला न्यावं लागतं. लघवीवरचा ताबाच मुळी तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान यायला लागतो. दीड महिन्याच्या पिल्लाकडून अपेक्षाच धरू नका. नुसतं बाहेर नेत राहा.

पूर्ण सवय लागायला चार ते सहा महिने लागतात, काही पिल्लांना वर्षही लागतं. शेजारच्यांचं पिल्लू आठवड्यात शिकलं असेल तर छानच, पण त्यावरून आपल्या पिल्लाला नाव ठेवू नका.

२. सामान आणि कागदपत्रं जमवा

- साधा पट्टा आणि पाच-सहा फुटांची हलकी दोरी. लोखंडी साखळी नको.
- बक्षिसासाठी उकडलेल्या अंड्याचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, झाकणाच्या लहान डबीत. डबी दाराजवळच ठेवा.
- एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर, किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर.
- फक्त याच कामासाठी ठेवलेली जुनी सुती फडकी.
- शी उचलायला पिशव्या किंवा रद्दी.
- एक वही. कधी खाल्लं, कधी प्यायलं, कधी केलं, कुठे केलं, एवढंच लिहायचं. चार-पाच दिवसांत पिल्लाची वेळ तुमच्यासमोर येते.
- लसीकरणाचं पुस्तक आणि जंताच्या औषधाची नोंद.
- महापालिका किंवा नगरपरिषदेत पाळीव कुत्र्याची नोंदणी करावी लागते का, ते तिथेच विचारून घ्या. विचारायला जाताना लसीचं पुस्तक बरोबर असू द्या.

लसीचं पुस्तक या यादीत आहे त्याला कारण आहे. पार्व्हो म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा जुलाब-उलट्यांचा आजार, आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, असं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. रेबीजची लस तीन महिन्यांना. हे डोस पूर्ण होईपर्यंत गल्लीतली कुत्री जिथे फिरतात तिथे, मोकळ्या प्लॉटवर किंवा उकिरड्याजवळ पिल्लाला उतरवू नका. स्वतःचं अंगण, परसदार किंवा गच्ची वापरा.

३. जागा एकच ठरवा, आणि ती घरासारखी नसावी

या पायरीवर सगळ्यात जास्त विचार करा.

घरात गुळगुळीत फरशी असेल आणि अंगणातही शहाबादी असेल, तर पिल्लाच्या पायाला दोन्ही सारखंच लागतं. मग आत-बाहेरचा फरक त्याला कुठून कळणार? खेड्यात उलटी अडचण असते. धाब्याच्या घरात जमीन मातीची, शेणाने सारवलेली, आणि अंगणही तसंच सारवलेलं. अशा वेळी अंगणाच्या कडेला तीन-चार फूट लांब-रुंद तुकडा वेगळा करा आणि त्यावर मुरूम, वाळू किंवा सुकं गवत पसरा. पाय ठेवताच जमीन वेगळी आहे हे लागलं पाहिजे. पिल्लाने घरात केलं की ते ज्याने पुसलं ते फडकं आणून बाहेरच्या या तुकड्यावर एकदा पुसा. वास त्याला जागा दाखवतो.

जागा निवडताना तुळशीवृंदावन, रांगोळीची जागा, पाण्याचा हौद आणि शेजाऱ्यांचं फाटक यांपासून लांब राहा. घरातल्या आजीला दारातली घाण खटकते, तिचं म्हणणं रास्त आहे. जागा तिला विचारूनच ठरवली तर पुढे ती स्वतः सांगते, "अरे, त्याला घेऊन जा बाहेर, ते गोल गोल फिरतंय."

सावली बघा. निंबाखालची जागा सगळ्यात चांगली.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर बाल्कनीच्या कोपऱ्यात पसरट घमेलं किंवा मोठा ट्रे ठेवा, त्यात माती भरा आणि वर थोडं गवत. माती दर दोन-तीन दिवसांनी बदला. वर्तमानपत्राची सवय मात्र लावू नका. आधी कागदावर करायला शिकवायचं आणि मग मातीवर, म्हणजे एकच धडा दोनदा शिकवणं. शिवाय सकाळचा पेपर दिवाणावर पसरलेला असला की तीही त्याला जागाच वाटते.

४. खाण्याची वेळ बांधा, मग शीची वेळ आपोआप बांधली जाते

पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात. पिल्लाचं खाऊन झाल्यावर पाच ते तीस मिनिटांत शी येते. वाटी दिवसभर भरून ठेवली तर शीसुद्धा दिवसभर. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा, ठरल्या वेळी खायला द्या आणि पंधरा मिनिटांनी वाटी उचला. पाणी कधीही उचलायचं नाही.

काय देता तेही बघा. आपल्याकडे भाकरी दुधात कुस्करून देण्याची पद्धत आहे. दुधातली साखर बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, पोट बिघडतं, आणि पातळ शी कोणतंही पिल्लू धरून ठेवू शकत नाही. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, थोडा दहीभात चालतो. शेवभाजीचा रस्सा, काळ्या मसाल्याचं काहीही नको. वांग्याचं भरीत तर अजिबात नको. त्यातला लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असते.

बाहेर नेण्याच्या वेळा पाठ करून ठेवा: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यानंतर, खेळ संपल्यावर, खूप पाणी प्यायल्यावर, कोणी घरी आल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. दुपारच्या दहा मिनिटांच्या डुलकीनंतरही उठवून न्यायचं.

५. बाहेर नेल्यावर: गप्प उभं राहणं शिका

बाहेर गेलं तर करत नाही, या तक्रारीचा उलगडा इथे होतो.

पिल्लाला दोरी लावा, रोज एकाच दाराने, एकाच वाटेने ठरलेल्या जागेवर न्या आणि झाडासारखे उभे राहा. बोलू नका, मोबाइल काढू नका, खेळू नका, गल्लीत चक्कर मारू नका. दोरी इतकीच सोडा की त्याला त्या तुकड्यावर फिरता येईल. पहिली दोन-तीन मिनिटं ते तुमच्या पायावर उड्या मारेल, पाला चघळेल, फाटकाकडे ओढेल. तुम्ही हलला नाहीत की कंटाळतं. मग नाक जमिनीला लागतं. शेरूचं असं होतं की आधी तो एका रेषेत हुंगत जायचा, मग अचानक वळायचा, मग लहान लहान गोल, शेपटी थोडी वर, मागचे पाय जवळ येतात. बसण्याच्या क्षणी तुमचा ठरलेला शब्द हळू आवाजात एकदाच म्हणा. आम्ही "शू कर" म्हणतो. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. बाबा एक म्हणतात, मुलं दुसरं, असं झालं तर शब्दाला अर्थ राहत नाही.

करणं पूर्ण होऊ द्या. अर्ध्यात "शाब्बास" ओरडलात तर ते थांबतं, तुमच्याकडे धावतं आणि उरलेलं घरात करतं. पूर्ण झालं की दोन-तीन सेकंदांच्या आत, तिथेच, अंड्याचा तुकडा तोंडात. घरात येऊन दिलेलं बक्षीस घरात आल्याचं बक्षीस ठरतं.

आणि केल्याबरोबर आत आणू नका. पिल्लाला बाहेर आवडतं. केलं की बाहेरचं संपतं, हे त्याच्या लक्षात आलं तर ते मुद्दाम धरून ठेवायला शिकतं. शी-शू झाल्यावरच खेळ, झाल्यावरच फेरी. हा क्रम पाळला तर हट्टी म्हणवलं जाणारं पिल्लूही पटकन मोकळं व्हायला लागतं.

दहा मिनिटं उभं राहूनही केलं नाही तर शांतपणे आत आणा, पण मोकळं सोडू नका. दोरी तुमच्या कमरेला बांधा किंवा मांडीवर घ्या, आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत त्याच जागेवर. आत आल्यावर जे होतं ते याच पंधरा मिनिटांत होतं.

६. घरात नजर आड होऊ देऊ नका

पहिले काही आठवडे पिल्लाला सगळं घर देऊ नका. जिथे माणसं बसतात ती एकच खोली. स्वयंपाकघर, देवघर, माडी यांच्या दाराला आडवी फळी लावा. तुमचं लक्ष नसेल तेव्हा त्याला लहान जागेत ठेवा. पिंजरा असेल तर पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरता येतील एवढाच. फार मोठा असला की एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात करतं. पिंजऱ्यात कोंडून कामाला जाणं मात्र चालणार नाही. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हाच्या खिडकीशी पिंजरा ठेवणं तर जिवावर बेतू शकतं.

ओट्यावर साखळीने बांधून ठेवायची सवय आपल्याकडे आहे. बांधलेलं पिल्लू जिथे बसतं तिथेच करतं, कारण दुसरीकडे जाताच येत नाही. आपल्या झोपायच्या जागेजवळ घाण न करण्याची उपजत ओढ त्यात मोडून पडते, आणि ती एकदा मोडली की परत बसवायला फार कष्ट पडतात.

७. घरात झालंच तर

समोर करताना दिसलं तर हलकी टाळी वाजवा, उचला, बाहेर न्या. उरलेलं तिथे केलं तर बक्षीस द्या.

नंतर दिसलं तर काहीही करू नका, फक्त पुसा. नाक घासणं, चप्पल उगारणं, कान पकडून जागा दाखवणं या सगळ्यातून पिल्लू एकच शिकतं, माणसासमोर करायचं नाही. मग ते बाहेर तुमच्यासमोरही करत नाही आणि घरात पलंगाखाली जाऊन करतं. "अपराधी तोंड करतंय बघा, त्याला कळतंय," असं लोक म्हणतात. ते तुमच्या आवाजाला आणि चेहऱ्याला घाबरलेलं असतं.

पुसण्याचीही पद्धत आहे. आधी सुक्या फडक्याने टिपून घ्या. घासून पसरवू नका. कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, बादल्या ओतणं परवडत नाही, म्हणून टिपून घेणं जितकं चांगलं तितकं पाणी कमी लागतं. मग एन्झाइमच्या पावडरीचं पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, नंतर साध्या पाण्याने पुसा. सुकेपर्यंत पिल्लाला तिकडे जाऊ देऊ नका.

फिनाईल टाळा. काळ्या फिनाईलमधले फिनॉलचे घटक पायाला लागतात, पिल्लू पाय चाटतं, आणि ते त्याला अपायकारक आहे. अमोनिया असलेले क्लीनर तर वासाने लघवीसारखेच, ते त्याला परत तिथेच बोलावतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं हा उपाय सिरॅमिकच्या टाइल्सवर चालतो. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत, आंबटाने त्यांची चकाकी जाते, डाग पडतात. तिथे एन्झाइमची पावडरच वापरा.

सारवलेल्या जमिनीत लघवी मुरते. वरून पुन्हा सारवलं तरी कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतो. तेवढी माती खुरप्याने खरवडून काढा, नवी माती दाबा, मग सारवा. गोधड्या आणि गोणपाटं धुऊन कडक उन्हात टाका. पिल्लाला सवय लागेपर्यंत जमिनीवर अंथरूण पसरून ठेवू नका, मऊ अंथरुणावर करायला पिल्लांना फार आवडतं.

८. रात्र

झोपण्याआधी शेवटचं बाहेर न्या आणि पिल्लाला तुमच्या खाटेजवळ झोपवा. दूर ओट्यावर ठेवलं तर उठलेलं कळणार नाही. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला मध्यरात्रीनंतर एकदा, कधी दोनदा उठवावं लागतं. कुरकुर सुरू व्हायची वाट बघू नका, गजर लावा. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, झालं की परत अंथरुणावर. सलग काही रात्री कोरड्या गेल्या की गजर अर्धा तास पुढे सरकवा.

९. ऊन, पाऊस आणि सण

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. सकाळी दहाला अंगणातली फरशी आणि रस्त्याचं डांबर पिल्लाच्या तळव्यांना पोळतं. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवा. तुम्हाला ठेवता आली नाही तर त्यालाही चालवू नका. दुपारी ते दाराबाहेर पाय टाकत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. त्याला उचलून सावलीतल्या जागेवर न्या, आधी तिथे पाणी शिंपडून ठेवा. लांब फेरी पहाटे आणि सूर्य मावळून जमीन निवल्यावर.

उन्हाळ्यात ते पाणी जास्त पितं, जास्त वेळा करतं. वहीतल्या वेळा तेवढ्यापुरत्या जवळ आणा. रात्री पाणी उचलून ठेवायचा सल्ला ऐकू नका, एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नाही. आणि कूलरखालचं ओलं दिसलं की लगेच त्याच्यावर आळ घेऊ नका, पांढऱ्या फडक्याने टिपून वास घ्या. टाकी गळत असते.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि पिल्लू त्यात पाय ठेवायला तयार नसतं. जूनच्या आधीच त्या जागेवर मुरमाचा थर द्या आणि वर पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करा.

घरात कानबाई बसते तेव्हा, लग्नसराईत, दिवाळीत घर भरलेलं असतं, वेळा मोडतात, फटाक्यांनी पिल्लू घाबरून जागेवरच सोडतं. अशा दिवसांत एका माणसाकडे फक्त पिल्लाची जबाबदारी द्या. शाळा उघडण्याआधीचे दोन आठवडेही असेच महत्त्वाचे. जूनमध्ये घरी जो असणार आहे, त्याच्याच हातून त्याच वेळा तेव्हापासून सुरू करा.

१०. सवयीचा प्रश्न नसेल तेव्हा

तुम्ही घरी आल्यावर पिल्लू लोळण घेतं आणि थोडी शू होते, हा आनंद किंवा दबलेपणा असतो. रागावलात तर वाढतो. आत येताना त्याच्याकडे बघू नका, ते शांत झालं की बाजूने, खाली बसून हात लावा. मोठं होताना बहुतेकांचं आपोआप थांबतं.

सहा महिन्यांच्या पुढचा नर पाय वर करून सोफ्याच्या कोपऱ्यावर, मोटरसायकलच्या चाकावर थोडी-थोडी करतो, ती हद्द आखणं असतं. नसबंदीने ते बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. त्याबद्दल पशुवैद्यकांशी बोला.

सवय लागलेलं पिल्लू अचानक घरात करायला लागलं, थेंब-थेंब करत असेल, जोर लावत असेल, लघवीत रक्त दिसत असेल, ती जागा सारखी चाटत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. माद्यांना तो जास्त होतो. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तरी पाणी पिणं आणि लघवी वाढते. शीत जंत दिसले, शी पातळ झाली, पोट फुगलेलं वाटलं तर जंताचं औषध राहिलंय का बघा. अशा पिल्लाची शी रोज उचला आणि मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका. कुत्र्याच्या गोलजंतांची अंडी मातीत टिकतात आणि माणसांनाही लागण होते.

गुरांच्या सरकारी दवाखान्यात कुत्र्यांवरही उपचार होतात. जाताना लसीचं पुस्तक, ती वही आणि सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत घेऊन जा. लघवी धरायला पसरट वाटी पिल्लू बसलं की हळूच मागून सरकवायची. दवाखान्यात पोचायला उशीर होणार असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तपासणीत घोळ होत नाही.